मागे कोण?

त्या मुलखात रेल्वे होती, रूळ होते आणि गाडीही रोज येत होती. फक्त बहुतेक स्टेशनांवर तिकीट द्यायला कोणी उरले नव्हते.

पूर्वी असायचे. माळावरच्या एका स्टेशनात खिडकीमागे एक कासव बसायचे. ते इतक्या सावकाश तिकीट देई की गाडी शिट्टी देऊ लागली तरी रांग तशीच असे, आणि तरीही कोणाची गाडी कधी चुकली नाही, कारण गार्डलाही कासवाचा स्वभाव ठाऊक होता. पुढे वरच्या खात्याला वाटले की एवढ्याशा स्टेशनाला कासव कशाला हवे. कासव घर पाठीवर घेऊन निघून गेले. सामान बांधण्याचा त्रास तेवढा त्याला झाला नाही. खिडकीवर फळी ठोकली गेली. पाटीवरचे स्टेशनाचे नावही उन्हापावसात पुसत गेले. ते पुन्हा रंगवावे असे कोणाच्या मनात आले नाही, कारण तिथे राहणाऱ्यांना ते पाठ होते आणि बाहेरून कोणी येत नव्हते.

कासव गेले तरी तिकिटाचा नियम गेला नाही. खात्याने तो थोडा बदलला. जिथे तिकीट देणारा नाही, तिथे जाणाऱ्याला मागे राहणाऱ्याने तिकीट द्यावे, असे ठरले. खात्याचे म्हणणे असे, की ज्याला निरोप द्यायलाही कोणी नाही तो नक्कीच पळून चाललेला असणार, आणि पळून जाणाऱ्यांना गाडी नेत नाही. म्हणणे बिनतोड होते. वरून येणारी म्हणणी बहुधा बिनतोडच असतात.

तिकीट म्हणजे पळसाचे पान. मागे राहणाऱ्याने ते आडवे फाडायचे. देठाकडचा अर्धा जाणाऱ्याला द्यायचा, टोकाकडचा स्वतःजवळ ठेवायचा. जाणारा डब्यात चढला की शेवटच्या डब्यातून गार्ड मान बाहेर काढून विचारी, "मागे कोण?" फलाटावरच्याने आपला अर्धा उंच धरून म्हणायचे, "मी आहे." तेवढे ऐकू आले की हिरवा झेंडा हलायचा. गार्ड एक बगळा होता. तो प्रेमळ नव्हता आणि दुष्टही नव्हता. त्याची मान लांब होती आणि आवाज स्वच्छ होता, एवढे त्या कामाला पुरत होते.

मागे राहणाऱ्याने आपला अर्धा जपून ठेवायचा, गेलेला परत येईपर्यंत. हे नियमात कुठेच नव्हते. पण सगळे तसेच करीत.

सुरुवातीला या नियमाचा कोणालाच जाच वाटला नाही, उलट गंमतच वाटली. एकजण जायला निघाला की निम्मा माळ फलाटावर लोटे. पान कोणी फाडायचे यावरून मानपान होत. म्हशीने फाडले तर ते लाळेने भिजून जाई. गाढवाने फाडले तर वेडेवाकडे फाटे आणि बगळा दोन्ही तुकडे जुळवून बघत बसे. हळूहळू सगळ्यांना कळून चुकले की पान फाडण्याच्या कामात खैरी शेळीचा हात धरणारे कोणी नाही. ती पान दातांत धरून असा एक झटका देई की कडा सरळ सुटे.

पहिल्यांदा हे काम तिच्याकडे आले तेव्हा म्हैस हसून हसून बेजार झाली होती. "शेळीकडं पानं दिली! आता गाडी रिकामीच जायची."

पण खैरीने एकही पान खाल्ले नाही. एका वर्षी माळावर हिरवे म्हणून काही दिसेना. शेळ्या सुकलेल्या काटक्या चघळत होत्या. त्याही वर्षी ती ओढ्याकाठच्या पळसाची कोवळी पाने दातांत धरून फाडत राहिली, आणि जिभेवर उतरलेला रस थुंकून टाकत राहिली. हे कोणी पाहिले नाही, कारण जाणाऱ्याचे लक्ष गाडीकडे असते.

त्या वर्षापासून जाणारे वाढले. आधी तरणेताठे गेले, मग त्यांनी आपल्या बायकापोरांना नेले. मेंढ्या गेल्या त्या अख्ख्या कळपाने गेल्या, एक म्हातारी मेंढी तेवढी मागे ठेवून. तिलाही पुढे कोणीतरी नेले. प्रत्येकजण डब्यात चढताना खैरीला म्हणे, "खैरे, तुझ्या वेळेला पान द्यायला मी येणार बरं का." म्हणताना त्यांच्या मनात खोट नव्हती. गाडी वळणाआड जाईपर्यंत तरी ती नव्हतीच.

खैरीची लेक ठिपकी, तीही अशीच गेली. तिचा घरधनी आधीच गाडीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याकाठच्या मोठ्या वस्तीत जाऊन राहिला होता. तिथे चारा भरपूर होता, आणि तिथल्या स्टेशनात खिडकीमागे अजून कासव होते. खैरीने लेकीसाठी पळसाचे सगळ्यात रुंद पान निवडले आणि नेहमीसारखेच सरळ फाडले. बगळ्याने "मागे कोण?" विचारल्यावर तिने इतक्या खणखणीत आवाजात "मी आहे" म्हटले की पहिल्या डब्यातल्यांनी वळून पाहिले. ठिपकीला बरे वाटले. आपली आई खंबीर आहे, हे तिने पुढे कितीदा तरी शेजारणींना सांगितले. आवाज मोठा काढला की त्यातला कंप ऐकू येत नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार?

शेवटी माळावर दोघेच उरले. खैरी आणि धोंडबा नावाचे म्हातारे गाढव. दोघांचे सूत चांगले जमले होते. तो दिवसभर तक्रारी सांगे आणि ती ऐके, आणि संध्याकाळी दोघे ओढ्यावर पाणी प्यायला जात. ओढा म्हणजे आता एक डबके राहिले होते, पण दोघांना ते पुरत होते.

मग रुळांच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या धोंडबाच्या लेकाचा निरोप आला. निरोप आणायचे काम एका कावळ्याकडे होते. तो गाडीच्या टपावर बसून रोज जा-ये करी. त्याला तिकीट लागत नसे, कारण तो कुठेच राहत नव्हता. त्यामुळे मागे राहणाऱ्यांतही त्याला कोणी धरत नसे. निरोप असा होता की लेकाला बरे नाही, तो बापाची आठवण काढतो, असशील तसा निघून ये.

धोंडबा रडवेला झाला. "मी गेलो तर तुला पान कोन देनार?"

"माझी ठिपकी हाय की," खैरी म्हणाली. "ती येईल न्यायला तवा तीच दील पान. तुमी जावा."

धोंडबाने थोडा विचार केला. हिशेबात तो कधीच हुशार नव्हता, आणि त्या दिवशी तर त्याचे सगळे चित्त लेकाकडे होते. त्याला ते पटले. नवल एवढेच, की खैरीलाही ते पटलेले होते. लेक येईल, पान देईल, आपण जाऊ, असे तिने मनाशी इतक्या वेळा म्हटले होते की त्यात काही चुकते आहे असे तिला कधी वाटलेच नाही.

तिने पान फाडले. धोंडबा चढला. ती म्हणाली, "मी आहे." गाडी गेली. खैरी आपला अर्धा शिंगात खोचून घराकडे निघाली, आणि बाभळीपर्यंत आल्यावर थांबली.

ठिपकी न्यायला येईल. ठिपकी पान फाडेल. आणि जी पान फाडते ती फलाटावर राहते.

ती तिथेच उभी राहिली. मग तिला हसू आले, आणि हसता हसता ती खाली बसली. सगळ्या माळाला तिकिटे दिली आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही. न्यायला येणारा कितीही जिवाचा असला, तरी एकाने मागे राहायचेच असते. शेवटच्याला तिकीट नसते. गाडी तर अजून ऐकू येत होती.

कासव असलेले जवळचे स्टेशनही म्हाताऱ्या गुडघ्यांच्या आवाक्यातले नव्हते. तरी एकदा तिने त्या वाटेने निघून बघितले. माळाच्या कडेला पोचायच्या आधीच पाय दुमडले. ऊन उतरल्यावर ती कशीबशी परत आली. तो प्रयत्न तिने पुन्हा केला नाही, आणि कावळ्यालाही त्याबद्दल काही सांगितले नाही.

कावळ्याजवळ ती वेगळेच निरोप देई. "सांग, समदं ठीक हाय. धोंडबाभाऊ हायेत, मेंढी हाय, दिस कसा जातो कळत न्हाई." कावळा काळ्या डोळ्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा मोकळ्या माळाकडे बघे. पण निरोप जसाच्या तसा पोचवायचा एवढेच त्याचे काम होते, आणि तो ते चोख करी.

एक दिवस ठिपकीचा उलट निरोप आला. तिला जुळी झाली होती. दोन्ही माद्या. एकीच्या कपाळावर खैरीसारखाच तांबडा डाग होता. "आता तू इकडेच राहायचं. मी पिल्लांना शेजारणीकडे ठेवून परवा येते. सकाळच्या गाडीने येईन, तीच गाडी वरच्या टोकाहून परत फिरली की दोघी तिने जाऊ. धोंडबाकाकांना पान द्यायला सांगून ठेव."

कावळा टपावर चढून उत्तराची वाट बघत होता. खैरीच्या तोंडात उत्तर आले होते. येऊ नकोस, इथे धोंडबा नाही, कोणीच नाही, तू आलीस तरी मला नेता येणार नाही. इंजिनाने शिट्टी दिली. कावळ्याने पंख झाडले.

"ये म्हनावं," खैरी म्हणाली.

स्वतःसाठी म्हणून जन्मात तिने एवढा एकच लबाडपणा केला. लेकीला एकदा डोळे भरून बघायचे होते, बाकी काही नाही.

ठिपकी आली ती अंगाने भरली होती. चालण्यात वस्तीतली घाई आली होती. फलाटावर उतरताच तिने आईच्या मानेत तोंड खुपसले आणि बराच वेळ काढले नाही. घरी जाताना ती माळ बघत राहिली. "किती सुनं सुनं वाटतंय गं," ती म्हणाली. "मेंढीआजी कुठंय?"

"चरायला गेली आसंल."

"आणि धोंडबाकाका?"

"येतील की टेशनावर. त्यास्नी ठावं हाय."

खैरीने लेकीला बसवले. बाभळीच्या शेंगा पुढे केल्या, जपून ठेवलेली बोरे दिली. ठिपकी खात होती आणि पिल्लांचे सांगत होती. डागवाली हट्टी आहे. दुसरी गरीब आहे, पण दूध प्यायला आधी तीच धावते. दोघींना अजून वरचे काही चालत नाही, आईचेच दूध लागते, म्हणून संध्याकाळच्या आत पोचायलाच हवे. खैरी एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेत होती. डाग केवढा आहे? झोपताना पाय पोटाशी घेते का? ठिपकीला हसू आले. "आता रोजच बघशील की," ती म्हणाली. खैरीने मान हलवली, आणि कान कसे आहेत ते विचारले.

उन्हे कलली तशी दोघी निघाल्या. खैरीचे गाठोडे आधीच बांधून तयार होते. ते ठिपकीने घेतले. वाटेत ओढ्याकाठी खैरी थांबली, पळसाचे एक पान तोडून तिने शिंगात खोचले आणि पुढे चालू लागली.

फलाट रिकामा होता.

"काका नाही आले अजून," ठिपकी म्हणाली. ती वाटेकडे बघत राहिली. गाठोडे खाली ठेवताना आत काहीतरी किणकिणले. तिला नवल वाटले. तिने गाठ सोडली. आत बाभळीच्या शेंगा होत्या, थोडी बोरे होती, आणि तिच्या स्वतःच्या लहानपणीचे दोन घुंगरू होते. त्याखाली खैरीची काळी घोंगडी होती, थंडीवाऱ्यात कायम आईच्या पाठीवर असायची ती. घोंगडीचे दोन तुकडे केलेले होते. करडाच्या पाठीला पुरतील एवढे दोन तुकडे, आणि चारी बाजूंनी काठ मुडपून शिवलेले.

"आई, घोंगडी फाडलीस?"

"एवढ्या एवढ्या त्या. अख्खी त्यांना लई मोठी झाली आसती."

ठिपकीने गाठोड्यात पुन्हा एकदा पाहिले. त्यात खैरीचे स्वतःचे काहीच नव्हते. मग तिने वाटेकडे पाहिले, माळाकडे पाहिले, आणि कुठेही धूर नाही, धूळ नाही, कोणाचा आवाज नाही, हे तिच्या ध्यानात आले.

"काका केव्हा गेले?"

"झालं की बरंच."

"आणि मेंढी?"

खैरी गाठोडे पुन्हा बांधू लागली.

"तुला ठाऊक होतं," ठिपकी म्हणाली. "मी न्यायला येतेय, तू गाठोडं बांधतेयस, आणि तुला सगळं ठाऊक होतं! आई, सांगायचं नाही का गं?"

"सांगितलं आसतं तर आली आसतीस?"

'हो' म्हणणे खोटे झाले असते. खोटे बोलायला ठिपकीला जड गेले.

गाडी आली. ठिपकी पहिल्या डब्यापासून धावत सुटली. प्रत्येक खिडकीखाली उभी राहून ती विनवू लागली. "कुणीतरी उतरा हो. फक्त पान द्यायचंय. माझी म्हातारी आई आहे. उद्याच्या गाडीला मी कुणाला तरी पाठवते, पण आज कुणीतरी उतरा." आतल्यांनी ऐकून घेतले. काहींना खरेच वाईट वाटले. एका डुकरिणीने डोळे पुसले. पण उद्या जो कोणी येईल, त्यालाही मग इथेच राहावे लागेल, आणि तो काही येणार नाही, हे सगळ्यांना कळत होते. तिसऱ्या डब्यात एक बोका बसला होता. त्याला या फलाटावरूनच खैरीने पान दिले होते, आणि चढताना सगळ्यांत मोठ्याने "तुझ्या वेळेला मी येणार" म्हणणारा तोच होता. ठिपकीने त्याला नावाने हाक मारली. बोक्याने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यात तोंड घालून काहीतरी शोधू लागला. ठिपकी पुढच्या डब्याकडे गेली तरी त्याचे शोधणे चालूच होते.

शेवटी ती बगळ्यापुढे उभी राहिली. "माझा एकच अर्धा घ्या आणि दोघींना जाऊ द्या. तुम्ही तर इतकी वर्षं बघताय तिला. साऱ्या माळाला तिनं तिकिटं दिली आहेत."

"बघतोय," बगळा म्हणाला. "पण मी विचारलं की कुणीतरी 'आहे' म्हणावं लागतं, बाई. त्याशिवाय झेंडा हलत नाही."

मग ठिपकी परत आली आणि आईसमोर फतकल मारून बसली. "तर मग मी राहते. तू चढ. दे ते पान, मी फाडते."

"उठ."

"नाही उठणार. तू आजवर कधी कुठं गेली आहेस? एकदा तरी जा. पोरींना बघ. मी राहीन इथं, मला सवय आहे या माळाची." आणि ती रडू लागली. तिला खरेच तसे वाटत होते. त्या घटकेला ती खरेच राहिली असती.

खैरी तिच्याकडे बघत होती. लेकीने आपल्यासाठी एवढे म्हणावे याने तिचा ऊर भरून आला, आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, तिने डब्याच्या पायरीकडे पाहिले. पायरी फार उंच नव्हती. म्हाताऱ्या पायांनाही जमली असती.

इंजिनाने शिट्टी दिली. पिल्लांच्या दूध पिण्याची वेळ झाली असावी. ठिपकीच्या मनाला जे आठवत नव्हते ते तिच्या अंगाला आठवले. तिला पान्हा फुटला. बसल्या जागी कासेतून दूध ठिबकू लागले आणि फलाटाच्या तापलेल्या दगडावर पडून सुकू लागले. तिने पाय आखडून घेतले, पण दूध थांबेना.

दोघींनी ते पाहिले. त्यानंतर दोघींपैकी कोणीच वाद घातला नाही.

खैरीने पान दातांत धरले आणि एक झटका दिला. कडा नेहमीसारखी सरळ सुटली. देठाचा अर्धा तिने लेकीच्या गळ्यातल्या दोरीत खोचला, तोंडाने तिला डब्याकडे लोटले, आणि गाठोडे तिच्या मागोमाग वर ढकलले. "डागवालीला जास्त रागवू नगंस," ती म्हणाली. "हट्टी पोरं मायाळू आसतात."

बगळ्याने मान बाहेर काढली. तो विचारायच्या आतच खैरी म्हणाली, "मी आहे."  तरी नियमाप्रमाणे बगळ्याने विचारले, "मागे कोण?" आणि तिने पुन्हा एकदा सांगितले.

गाडी हलली. शिंगात अर्धे पान खोचलेली खैरी फलाटाच्या टोकापर्यंत बरोबरीने चालत आली, आणि टोक संपल्यावर थांबली. ठिपकी खिडकीतून मान काढून मागे बघत राहिली. आई लहान होत गेली, मग शिंगे दिसेनाशी झाली, मग नुसता माळ राहिला. तरीही ठिपकीने मान आत घेतली नाही.

म्हणूनच ते तिला दिसले. या मार्गावर सगळे फलाट एकाच बाजूला होते, आणि येताना ती दुसऱ्या बाजूला बसली होती. पहिल्यांदा गेली तेव्हा तर तिने डोळेच उघडले नव्हते. पुढचे स्टेशन आले. तिथेही खिडकीवर फळी होती, पाटीवर नाव नव्हते. फलाटावर एक म्हातारा बैल एकटाच उभा होता. त्याच्या वेसणीत पळसाचा अर्धा तुकडा होता, वाळून तपकिरी झालेला. गाडी मंदावली. शेवटच्या डब्यातून स्वच्छ आवाज आला, "मागे कोण?" "मी आहे," बैल म्हणाला. चढणारे कोणी नव्हते, तरी विचारणे चुकत नव्हते. तो एकटाच होता आणि एकट्याला तिकीट नव्हते. गाडीने वेग घेतला.

त्यापुढच्या स्टेशनात एक हरिणी होती. त्यापुढे एक आंधळी घोडी, तोंड चुकून गाडीच्या उलट दिशेला केलेली. प्रत्येकाजवळ पानाचा एकेक अर्धा होता. बगळा प्रत्येक ठिकाणी विचारत होता आणि प्रत्येक ठिकाणाहून उत्तर येत होते. डब्यात मात्र चांगल्या गप्पा रंगल्या होत्या. स्टेशन जवळ आले की त्यांचा आवाज थोडा चढे आणि मागे पडले की पुन्हा उतरे, हे ठिपकीच्या आता लक्षात येऊ लागले.

तिच्या समोर एक कोंबडा बसला होता. रंगेल गडी होता. वस्तीतल्या आपल्या नव्या खुराड्याचे वर्णन करून त्याने साऱ्या डब्याला हसवत ठेवले होते. पंखाखाली त्याने पानाचा देठाकडचा अर्धा नीट दुमडून ठेवलेला दिसत होता. बोलता बोलता तो मध्येच थांबला. गाडी मंदावत होती. तो उठला आणि आपल्या बाजूच्या खिडकीची झडप त्याने खाली ओढली.

"तुम्हीही लावून घ्या, बाई," तो ठिपकीला म्हणाला. "या स्टेशनाला फार धूळ येते."

ठिपकीने खिडकी लावली नाही.

फलाटावर एक म्हातारी कोंबडी होती. पिसे झडलेली, एका पायाने लंगडणारी. पंखात अर्धे पान धरून ती गाडीबरोबर धावत होती, आणि प्रत्येक खिडकीशी मान उंच करून आत बघत होती. ठिपकीच्या खिडकीशी ती थांबली, आत बघून पुढे झाली. मग बंद झडपेसमोर येऊन ती उभी राहिली. तिने मान या बाजूने वळवली, त्या बाजूने वळवली. आत झडपेला पाठ लावून कोंबडा बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते त्याने पंखाने पुसले. "धूळ," तो म्हणाला, कोणीही विचारले नसताना.

"मागे कोण?" बगळ्याने विचारले.

"मी आहे, मी आहे," कोंबडी ओरडली, आणि गाडी वेग घेऊ लागली तरी ओरडत राहिली.

ठिपकीने खाली पाहिले. वारा अजिबात नव्हता. फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडलेला होता, आणि कोणीतरी उतरेल म्हणून त्यावर पाण्याचा सडा घातलेला होता. तो अजून ओला होता.